क्वांटम गुरुत्व तपासताच येत नाही?

विज्ञान दिनाला पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत गेलात की रांगेत कुणीतरी ऐकवतंच: "क्वांटम गुरुत्व म्हणजे नुसती गणितं. तपासायचं तर आकाशगंगेएवढा कणत्वरक लागेल!" (क्वांटम गुरुत्व म्हणजे गुरुत्वाकर्षणालाही अणूंच्या जगाचे, म्हणजे क्वांटम नियम लावू पाहणारे सिद्धांत.) अर्धं खरं आहे. हे परिणाम ज्या अंतरावर ठळक व्हावेत ती प्लँक लांबी इतकी सूक्ष्म की ती थेट बघणं आपल्या आवाक्याबाहेरच. पण थेटच बघायला हवं, हे कुणी ठरवलं?

१० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने एक गॅमा किरण स्फोट (दूरवरून आलेला अतिऊर्जेच्या प्रकाशाचा झोत) टिपला. त्यातला ३१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या प्रचंड ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सुमारे ७ अब्ज वर्षं प्रवास करून आला होता. अवकाशकाल (अवकाश आणि काळ यांची एकत्र वीण) प्लँक लांबीच्या पातळीवर मुळात खडबडीत असेल, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित मागे पडावा, असं काही प्रारूपं म्हणतात. एवढ्या वाटचालीत तो किंचितपणा साचून सेकंदाच्या घरात जातो. हा पठ्ठ्या मात्र स्फोट दिसल्यापासून सेकंदाच्या आत हजर! ऊर्जेच्या सरळ प्रमाणात उशीर सांगणारी प्रारूपं तिथेच अडचणीत आली.

(म्हणून 'स्ट्रिंग सिद्धांत (क्वांटम गुरुत्वाचा एक दावेदार) खोटा ठरला' असं लगेच फॉरवर्ड करू नका, असा उशीर व्हायलाच हवा, असं तो म्हणत नाही.)

प्रयोगशाळेतली वाटही आहे. दोन सूक्ष्म वस्तूंमध्ये निव्वळ गुरुत्वामुळे एंटँगलमेंट (दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं, हा क्वांटम गुणधर्म) होतं का, हे तपासण्याचा प्रयोग २०१७ मध्ये सुचवला गेला. झालं, तर गुरुत्वही क्वांटम असल्याचा तो इशारा. अवघड आहे, पण टेबलावर मावणारा.