बायबलमधील द्व्यर्थी व आलंकारिक भाषेचे मराठी भाषांतर (नाशिक परिसराच्या संदर्भात)

बायबलच्या मूळ हिब्रू व ग्रीक संहितेत एकाच शब्दात दोन अर्थ नांदतात, अशी स्थळे बरीच आहेत. काही ठिकाणी ही द्व्यर्थता लेखकाने मुद्दाम साधलेली आहे, काही ठिकाणी ती व्याकरणातून आपोआप येते. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक अर्थ निवडावा लागतो किंवा दोन्ही पेलणारा मराठी शब्द शोधावा लागतो. बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे मिशनरी विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व 1811 मध्ये नवा करार मराठीत छापला गेला, तेव्हापासून हा प्रश्न मराठी भाषांतरकारांपुढे आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेल्या भाषांतरातही त्यांना त्याला तोंड द्यावे लागले.

नाशिकला ख्रिस्ती वस्तीची परंपरा जुनी आहे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर वसवले. कवी नारायण वामन टिळक यांचे काही शिक्षण नाशिकात झाले. लक्ष्मीबाई टिळक तर जवळच्या जलालपूरच्या. पण या नोंदीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, अनेक रूपके येथील रानात आणि बोलीत प्रत्यक्ष भेटतात.

सर्वांत बोलके उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील द्राक्षवेलीचे आहे. दुसऱ्या वचनात दोन ग्रीक क्रियापदे नादाने जोडलेली आहेत : फळ न देणाऱ्या फाट्याबाबत ‘आइरेइ’ आणि फळ देणाऱ्याबाबत ‘कथाइरेइ’. पहिल्याचा अर्थ ‘काढून टाकतो’ असाही होतो, ‘उचलून धरतो’ असाही. जमिनीवर पसरलेली वेल माळी उचलून आधाराला लावतो, असा दुसरा अर्थ काही भाष्यकार सुचवतात. दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ ‘स्वच्छ करतो’ आणि वेलीच्या संदर्भात ‘छाटतो’. लगेच तिसऱ्या वचनात शिष्यांना ‘कथारोइ’, म्हणजे शुद्ध, म्हटले आहे. माळ्याचे काम आणि मनाची शुद्धी एकाच धातूत गुंफलेली आहे.

प्रचलित मराठी पाठात येथे ‘साफसूफ करतो’ असे येते. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हा शब्द बिचकवतो. त्याच्या तोंडी ‘छाटणी’ असते, आणि तीही वर्षातून दोनदा : काडी तयार होण्यासाठी एप्रिलची खरड छाटणी, घडांसाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ देणारी वेलच सर्वांत जास्त कापली जाते, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘छाटतो’ म्हटले तर चित्र लख्ख दिसते, पण पुढच्या ‘शुद्ध’शी असलेला धागा तुटतो. ‘साफसूफ’मध्ये तो धागा निदान चाचपडता येतो. म्हणून रूढ शब्द ओबडधोबड असला तरी तो टाकाऊ मानता येत नाही. मजकुरात तोच ठेवून तळटीपेत ‘छाटणी’ द्यावी, हे अधिक रास्त. ‘आइरेइ’बाबत मात्र सहाव्या वचनातील फाटे गोळा करून अग्नीत टाकण्याचा उल्लेख ‘काढून टाकतो’ याच अर्थाकडे झुकतो. ‘उचलून धरतो’ हा अर्थ कितीही दिलासा देणारा असला, तरी संदर्भ त्याला पुरेसा आधार देत नाही.

त्याच बागांमुळे ‘द्राक्षारस’ हा शब्द आता अवघड झाला आहे. मराठी शास्त्रात त्याचा अर्थ आंबवलेले मद्य. पण जिल्ह्यात वाइनचे कारखाने उभे राहिल्यापासून नाशिककर मद्याला ‘वाइन’ म्हणतो आणि ‘द्राक्षारस’ म्हणजे साधा रस समजतो. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नात नेमके काय वाढले गेले, याचा गैरसमज मूळ पाठात नव्हता. तो मराठीत नव्याने आला.

उलट, काही ठिकाणी मराठी ग्रीकइतकीच लवचीक ठरते. योहान 4 मध्ये येशू शोमरोनी (समारिया प्रांतातील) स्त्रीला ‘जिवंत पाणी’ देऊ करतो. ग्रीकमध्ये याचा व्यावहारिक अर्थ वाहते, झऱ्याचे पाणी. ती तोच घेते आणि विहीर खोल आहे, पोहरा नाही, असे म्हणते. मराठीतही विहिरीला ‘जिवंत झरा’ लागतो. गोदापात्रातील काँक्रीट काढून जिवंत झरे मोकळे करा, ही मागणी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे होत आली आहे. त्या स्त्रीचा गैरसमज येथे भाषांतरातही तसाच्या तसा घडतो.

योहान 3:8 मधील ‘न्यूमा’ म्हणजे वारा आणि आत्माही. मराठीत अंगात येणाऱ्या दैवताला ‘वारे’ म्हणतात, म्हणजे दोन्ही अर्थ पेलणारा शब्द आहे. तरीही भाषांतरांनी ‘वारा’ आणि ‘आत्मा’ असे दोन शब्द वापरले, कारण ‘वारे’ उच्चारताच जत्रेतले घुमणे डोळ्यांपुढे येते. ही सावधगिरी योग्यच होती, पण तिच्यापायी श्लेष मात्र गेला. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि रागही. सहनशील देवाचे वर्णन अक्षरशः ‘लांब नाकपुड्यांचा’ असे होते. नाकाच्या शेंड्यावर राग ठेवणाऱ्या मराठीलाही लांब नाक परके, म्हणून ‘मंदक्रोध’ हा घडवलेला शब्द आला आणि टिकला.

मराठीचे व्याकरण कधी कधी मुळात नसलेला निर्णय घ्यायला लावते. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि समावेशक (ऐकणाऱ्यालाही धरून) ‘आपण’ असा भेद नाही. मार्क 4:38 मध्ये वादळात सापडलेले शिष्य निजलेल्या येशूला उठवून ‘बुडतो’ म्हणतात. ‘आम्ही बुडतो’ म्हटले तर ते त्याला आपल्यातून वेगळा काढतात, ‘आपण बुडतो’ म्हटले तर तोही त्यांच्यासोबत बुडणार, असे ते मानतात. त्यांची श्रद्धा त्या क्षणी कुठे होती, हे मराठी भाषांतरकाराला एका सर्वनामात ठरवावे लागते. प्रभूच्या प्रार्थनेत अशी अडचण नाही. तेथे पित्यालाच उद्देशून बोलणे असल्याने ‘आमच्या’ हेच रूप बसते, आणि शरणपूरच्या उपासनेतही तेच म्हटले जाते.