कंपनीचा चाप की बाहेरचा?

विदर्भात पीक राखायला परवान्यावर घेतलेली रायफल बऱ्याचदा ३१५ बोअरची, सरकारी आयुध निर्माणीतली असते. रोही आणि रानडुक्कर तूर-हरभऱ्यात शिरतात म्हणून वडिलांनी घेतलेली, आता मुलाच्या नावावर असलेली. तिच्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: "घोडा लय जड हाये." घोडा म्हणजे चाप. मग मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेला कुणी विचारतो, बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, चाप बसवला तर?

हा प्रश्न तिकडचाच. महायुद्धांनंतर अमेरिकेत माउझर, स्प्रिंगफील्ड या लष्करी रायफली स्वस्तात मिळू लागल्या. त्यांचा चाप मुद्दाम जड आणि दोन टप्प्यांचा ठेवलेला, कारण धावपळीत, हातमोजे घालूनही नको तेव्हा गोळी सुटायला नको. शिकाऱ्याला तो रुचेना. टिमनी ही चाप बनवणारी कंपनी १९४६ ची, याच काळातली. पुढे अपघातांच्या दाव्यांच्या धास्तीने कारखान्यांनीही चाप जड ठेवले आणि बाहेरच्यांचा धंदा वाढत गेला. या शतकाच्या सुरुवातीला सॅवेज या रायफल कंपनीने मालकाला स्वतः हलका-जड करता येणारा अ‍ॅक्यूट्रिगर आणला, तेव्हा कुठे कारखान्याचा चाप पुन्हा स्पर्धेत आला. म्हणून कारखान्याचा तो निर्धोकच, असंही नाही: २०१४ मध्ये रेमिंग्टन या रायफल कंपनीला आपलेच एक्स-मार्क प्रो चाप परत बोलवावे लागले.

आपल्या ३१५ ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच समजून घ्यायला हवी. ही रायफल ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या जुन्या घराण्यातली. या घराण्यात चाप मुख्य सांगाड्याला नसून खालच्या ट्रिगर गार्डला (चापाभोवतीच्या कडीला) टांगलेला असतो, आणि गार्ड लाकडी दस्त्यावर बसतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं, उन्हाळ्यात आकसलं, की चाप आणि सिअर (गोळी झाडणारा भाग अडकवून धरणारा खटका) यांतलं अंतर हलतं. म्हणजे आषाढातला चाप वैशाखात तसाच लागेल, याची खात्री नाही. इंग्रजांनी १९४९ च्या सुमारास याच घराण्यातल्या नंबर ४ मार्क २ रायफलीत चाप थेट सांगाड्याला टांगून हे दुखणं काढलं; जुन्या घडणीत ते राहिलं.

म्हणून चाप बदलण्याआधी दस्ता नीट बसलाय का, स्क्रू घट्ट आहेत का, हे पाहून घ्यावं, आणि तेही परवानाधारक कारागिराकडून. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. गावातल्या कुणाकडून सिअरला कानस मारून घेऊन चाप हलका केला, तर सिअरची पकड निसटती होते. मग बोल्ट (गोळी नळीत सरकवणारा दांडा) जोरात पुढे ढकलताच, बोट न लावता गोळी सुटू शकते.