स्टिअरिंग चमकतंय म्हणजे झिजलंय

मावसभावाला सेकंडहँड हॅचबॅक घ्यायची होती. गाडी बाहेरून लखलखीत, मीटरवर 31,000 किलोमीटर. सोबत नेलेल्या मेकॅनिकने बॉनेटला हात लावायच्या आधी दार उघडलं, स्टिअरिंगच्या उजव्या वरच्या भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दादा, ही एकतीस हजारांची झीज नाही."

ती जागा आरशासारखी चमकत होती. आम्हाला वाटलं, मालकाने पॉलिश केलं असेल. पण चमक हीच तर तक्रार होती. नव्या स्टिअरिंगचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो. त्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचवट्यांवर प्रकाश पडला की तो सगळीकडे विखुरतो, म्हणून लेदर मंद दिसतं. हात घासून घासून हे उंचवटे सपाट होतात, मधल्या खळग्यांत मळ आणि तेल भरतं आणि प्रकाश एकाच दिशेने परत यायला लागतो.

झीज कुठे होते यातही चालकाची सही असते. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे जिथे असतात, तिथे हात ठेवायला जुन्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. शहरात डावा हात सारखा गिअरवर जातो, उजवा मात्र स्टिअरिंग सोडत नाही. शिवाय उजवीकडच्या खिडकीतून ऊन येतं ते त्याच बाजूला. म्हणून बहुतेक गाड्यांत उजवी बाजू आधी जाते. अर्थात हा पुरावा नव्हे, नुसता सुगावा. हातात जाडजूड अंगठी असलेला माणूस निम्म्या किलोमीटरमध्ये तेवढीच झीज करून ठेवतो.

आता गंमत अशी की तळहाताच्या त्वचेत तेलग्रंथी नसतातच. घामाच्या ग्रंथी मात्र अंगावर इतरत्र क्वचितच असतील इतक्या दाट असतात. घामातून मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया येतं. तेल येतं ते कपाळावरून हात फिरवल्याने, केसांच्या तेलातून, सनस्क्रीनमधून आणि सिग्नलला खाल्लेल्या वडापावातून. हे सगळं मिळून जे मिश्रण तयार होतं, ते स्टिअरिंगवर रोज चोळलं जातं.

चोळलं जातं तेही लेदरवर नव्हे. गाडीच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर. हात लागतो तो या प्लास्टिकला. ज्या गाड्यांत लेदर नसतं, तिथे तर सगळी कडीच पॉलियुरेथेनच्या फोमची असते, वरचं कातडं धरून. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलेला हा पदार्थ मऊही बनवता येतो आणि चिवटही, म्हणून स्टिअरिंगला सोयीचा. पण त्याच्या काही प्रकारांच्या रेणुसाखळ्यांत एस्टर नावाचे दुवे असतात आणि पाणी ते दुवे तोडतं. याला जलअपघटन म्हणतात. लांब साखळीचे तुकडे झाले की पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. कपाटात दहा वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा तळवा हाताने भुसा होऊन पडतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

ऊन या सगळ्याला घाई लावतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात काही संशोधकांनी गाड्या उन्हात उभ्या करून मोजमाप केलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तासाभरात डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअसला आणि स्टिअरिंग 53 अंशांना पोचलं होतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. कोकणात पावसाळाभर दमट हवा आणि मग मे महिन्याचं ऊन, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. त्यात कोरोनाच्या काळात आपण सॅनिटायझरने ओले हात थेट स्टिअरिंगवर ठेवले. अल्कोहोल वरच्या थरात शिरून त्याला फुगवतं. कित्येक स्टिअरिंगचे पापुद्रे तेव्हापासूनचे आहेत.

मग करायचं काय? आधी धुवायचं. चिकट वाटणाऱ्या स्टिअरिंगपैकी बरीच नुसती मळलेली असतात. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, पिळून घेतलेलं फडकं, एवढं पुरतं. थिनर, पेट्रोल, रॉकेल नको. मळ निघेल, सोबत थरही निघेल. धुतल्यावर पुन्हा खरबरीत लागलं तर वाचलात. धुऊनही चिकट राहिलं तर साखळ्या तुटलेल्या आहेत आणि त्या कुठल्याही पॉलिशने जोडल्या जात नाहीत.

लेदरचा फक्त रंग गेला असेल तर बारीक पॉलिशपेपर हलका फिरवून, लेदरचा खास रंग पातळ थरांनी चढवून वर संरक्षक थर देता येतो. बरा टिकतो. पण दाणा, म्हणजे लेदरचा वरचा पोत, उडून आतले धागे दिसायला लागले असतील तर सरळ कुशनवाल्याकडे जावं. तो जुनं लेदर टाके उसवून काढतो, त्याच्यावरूनच माप घेतो, नवं कापून खेचून बसवतो आणि आतल्या कडेला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो. लेदर ताणून बसवण्यातच सगळं कौशल्य आहे. सैल राहिलं तर ऐन वळणावर हाताखाली सरकतं, आणि बाजारातल्या चढवायच्या कव्हरांबद्दल माझी हीच तक्रार आहे. हात फिरतो, कव्हर फिरतं, चाक जागच्या जागी.

जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं. प्रीमियर पद्मिनीच्या किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या स्टिअरिंगला झीज नव्हे, भेगा पडतात. आत पोलादी कडी, वर कडक प्लास्टिक. तापल्यावर प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट फुगतं. 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा परीघ सव्वा मीटर. तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर पोलाद जेमतेम 0.6 मिलिमीटर लांबतं आणि प्लास्टिक त्याच्या सहापट धरलं तर साडेतीन मिलिमीटरच्या वर. रात्री गार होताना प्लास्टिकला आक्रसायचं असतं, आतली कडी आक्रसू देत नाही. ताण येतो आणि प्लास्टिक तडकतं, बहुधा आऱ्याच्या जोडाजवळ. अशी भेग नुसती बुजवून उपयोग नाही. तिकोनी कानशीने ती व्हीच्या आकारात उघडायची, पोलाद दिसेपर्यंत साफ करायची, मग एम-सीलसारखी ईपॉक्सी पुटी दाबून भरायची, घासायची, रंगवायची.

काही हौशी मंडळी पद्मिनीला छोटं 'स्पोर्ट्स' स्टिअरिंग लावतात. दिसतं छान. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत मोठा व्यास ही चैन नव्हती, ती तरफ होती. 40 चं काढून 34 चं लावलं की त्याच वळणाला सुमारे 18 टक्के जास्त जोर लागतो. पार्किंग करताना खांदे सांगतात.

अख्खं स्टिअरिंग बदलायचं झालं तर मात्र प्रकरण गंभीर होतं. 1 जुलै 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे मधल्या झाकणामागे स्फोटक आहे. ते उघडण्याआधी बॅटरीची तार काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावं लागतं, कारण कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. हे घरी करायचं काम नाही. भंगारातून नुसती कडी आणली तर निदान ती अपघातग्रस्त गाडीची आहे का ते बघता येतं; वाकलेली कडी नकोच. जुनी एअरबॅग मात्र कुठल्याही किमतीला घेऊ नये. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडलं, आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे माणसांना लागले. जगभर कोट्यवधी बदलाव्या लागल्या.

स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची डबी असते. तिच्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तार हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवते. ती दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे फिरू शकते. काढलेलं स्टिअरिंग बसवताना ही डबी मध्यावर नसली तर पहिले काही दिवस सगळं ठीक चालतं. मग कधीतरी यू-टर्नला स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरतं, तार तुटते, हॉर्न बंद पडतो आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो.

मावसभावाने ती गाडी शेवटी घेतली, पण किंमत पाडून. स्टिअरिंग शिवून घ्यायला गेला तेव्हा कुशनवाल्याने जुन्या लेदरचा उजवा तुकडा उन्हात धरून दाखवला. पलीकडचा उजेड त्यातून दिसत होता.