पापण्यांची शस्त्रक्रिया : अश्रू, रक्तस्राव आणि सोलापूरची हवा

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच भरते. वय वाढते तशी ती सैल होऊन वरच्या पापणीवर लोंबू लागते, आणि डोळ्याच्या खोबणीतील चरबी आत रोखून धरणारा पडदा कमकुवत झाला की तीच चरबी पुढे येऊन डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. हे दूर करणारी शस्त्रक्रिया बहुधा भूल देऊन तेवढाच भाग बधिर करून एक-दोन तासांत उरकते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, म्हणून तिला किरकोळ समजले जाते. प्रत्यक्षात तिचा निकाल बराचसा रुग्णाच्या अश्रूंवर आणि रक्तस्रावावर ठरतो.

पापणीची उघडझाप अश्रूंचा थर डोळ्यावर पसरवीत असते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस, क्वचित काही आठवडे, ती उघडझाप अपुरी पडते. मुळात डोळा कोरडा असेल तर त्याला हे सोसत नाही. त्यासाठी आधी एक साधी चाचणी करतात. खालच्या पापणीच्या कडेला टिपकागदाची अरुंद पट्टी अडकवून ती पाच मिनिटांत किती भिजते हे मोजतात आणि ओल 10 मिलिमीटरच्या आत राहिली तर डॉक्टर सावध होतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि कोरड्या, धुळीच्या हवेत अश्रू भराभर उडून जातात. घाई नसेल तर ही शस्त्रक्रिया उन्हाळ्यात न केलेलीच बरी. थंडीतली तारीख घेणाऱ्यांनी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीचा आणि धुळीचाही विचार करावा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि काही वेदनाशामके रक्तस्राव वाढवतात. त्या सांगाव्यात, पण मनाने बंद करू नयेत, कारण हृदयात स्टेंट असलेल्यास ते जिवावर बेतू शकते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवी. तंबाखूबद्दल मात्र ‘सिगारेट ओढता का?’ एवढ्याच प्रश्नाने आपल्याकडे भागत नाही. मशेरी लावणारी बाई त्याला खरेपणाने ‘नाही’ म्हणते, पण मशेरीतले निकोटीनही रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम भरायला वेळ लावते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला बसवूनच पापणीवर शाईची रेघ आखतात, कारण आडवे झाल्यावर सैल त्वचा आणि भुवई सरकते. चिमट्याने त्वचा धरून किती काढता येईल ते पाहतात; भुवई आणि पापणीची कड यांच्यामध्ये साधारण 20 मिलिमीटर त्वचा उरावी, असा दंडक आहे. जास्त कापली गेली तर डोळा मिटत नाही. थोडी उरलेली त्वचा पुन्हा काढता येते, गेलेली परत आणणे अवघड.

पहिले दोन दिवस स्वच्छ कापडातून थंड शेक द्यावा (बर्फ थेट लावू नये), उशी उंच ठेवावी आणि दिलेले थेंब व मलम नियमित वापरावे. वाकणे, वजन उचलणे आणि चुलीशी बसून भाकरी थापणे आठवडाभर तरी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे, कारण खाली वाकल्याने आणि आचेने चेहऱ्याकडे रक्ताचा ओघ वाढतो. साकळलेले रक्त जांभळे, मग हिरवट आणि शेवटी पिवळसर दिसते, कारण हिमोग्लोबिनचे टप्प्याटप्प्याने विघटन होत असते. तो डाग गालापर्यंत उतरला तरी घाबरू नये. पण एका डोळ्यात अचानक तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे किंवा नजर अंधुक होणे ही डोळ्यामागे रक्त साचल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.

टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, व्रण फिका पडायला मात्र कित्येक महिने लागतात आणि तोवर त्याला उन्हापासून जपावे लागते. पापणीचा डोळ्यावरचा भार बदलल्याने चष्म्याचा नंबरही किंचित बदलू शकतो, त्यामुळे नवा चष्मा करण्याची घाई करू नये.