टाळूवरील खपल्या तेल कमी पडल्याने येत नाहीत

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेक बाळांच्या टाळूवर पिवळसर, तेलकट आणि घट्ट चिकटलेल्या खपल्या धरतात. टाळू नीट भरली नाही, डोके कोरडे पडले म्हणून त्या आल्या, असे घरोघरी सांगितले जाते आणि मग टाळूवर रात्रंदिवस तेल थापले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी बाळंतिणीला बोल लावला जातो, हे अधिक क्लेशदायक आहे.

या खपल्या अस्वच्छतेमुळे येत नाहीत व त्या संसर्गजन्यही नसतात. गर्भावस्थेत आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी जास्त स्रवतात, असे मानले जाते. त्वचेवर एरवीही राहणारी मॅलेसेझिया ही बुरशी त्या स्रावावर पोसते आणि सुटू पाहणाऱ्या मृत पेशी एकमेकींना चिकटून थर साचतो. अशा टाळूवर तेल तासन्‌तास मुरवत ठेवणे म्हणजे त्या थरात भरच घालणे होय.

तेलाचे काम खपली मऊ करण्यापुरतेच असते. अंघोळीपूर्वी सुमारे 15 मिनिटे थोडे बेबी ऑइल लावावे, मऊ ब्रश हलकेच फिरवावा आणि सौम्य शाम्पूने तेल पूर्ण निघेपर्यंत डोके धुवावे. मोहरीचे व ऑलिव्हचे तेल टाळावे. नखाने खरवडू नये, कारण खालच्या कोवळ्या त्वचेला जखम होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. खपलीबरोबर चार केस निघाले, तरी ते पुन्हा उगवतात.

बहुतेक बाळांमध्ये हे पहिल्या वर्षभरात आपोआप जाते. मात्र पुरळ अंगावर पसरल्यास किंवा टाळूतून पाणी वा रक्त आल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.