योर्डान (ॲमस्टरडॅम)

योर्डान : नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरातली, प्रिन्सेनख्राख्त कालव्याच्या पश्चिमेला पसरलेली जुनी वस्ती. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून चालत साधारण पाव तासावर. डच खाणेपिणे, घरे आणि शहरी इतिहास एका फेरफटक्यात पाहायचा असेल, तर ॲमस्टरडॅममध्ये याहून सोयीची जागा सापडणे कठीण. आज हा भाग महागडा आणि देखणा समजला जातो; पण पर्यटकाला इथे जे जे आवडते, त्यातले बरेचसे गरिबीतून आलेले आहे.

1612 मध्ये शहराचा मोठा विस्तार सुरू झाला. श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी हेरेनख्राख्त, कैझर्सख्राख्त आणि प्रिन्सेनख्राख्त हे रुंद कालवे आखून-मोजून खणण्यात आले. त्यांच्या पलीकडच्या सखल, पाणथळ शेतजमिनीवर कारागीर, मजूर आणि फ्लँडर्स व फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेले लोक राहू लागले. या भागावर पालिकेने फारसा खर्च केला नाही. शेतांमधले जुने चर तेच कालवे झाले आणि बांधावरच्या वाटा तेच रस्ते. म्हणूनच योर्डानच्या गल्ल्या प्रिन्सेनख्राख्तला काटकोनात न मिळता तिरक्या येऊन भिडतात. कातडी कमावणे, रंगकाम, साखर शुद्ध करणे असे दुर्गंधीचे आणि धुराचे धंदेही इकडेच लोटले गेले. एकोणिसाव्या शतकात तुंबलेले, घाण कालवे बुजवण्यात आले : रोझेनख्राख्त 1889 मध्ये, लिंडेनख्राख्त 1895 मध्ये. त्यामुळे चालताना एवढे ध्यानात ठेवावे, की योर्डानमध्ये अचानक रुंद रस्ता लागला तर त्याखाली बहुधा कालवा गाडलेला असतो.

फेरफटका उत्तरेकडून, ब्रौवर्सख्राख्त आणि प्रिन्सेनख्राख्त जिथे मिळतात त्या कोपऱ्यापासून सुरू करणे चांगले. तिथे ‘पापेनआयलंड’ हे 1642 सालचे कॅफे आहे. भिंतींना निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट फरशा, आत काळपट लाकूड. प्रोटेस्टंट सत्तेच्या काळात कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास बंदी होती. त्या दिवसांत इथून कालव्याखालून समोरच्या छुप्या चर्चपर्यंत भुयार होते, अशी आख्यायिका सांगतात. अशा जुन्या मद्यगृहांना ‘ब्राऊन कॅफे’ म्हणतात, कारण शतकानुशतकांच्या तंबाखूच्या धुराने त्यांच्या भिंती आणि छत तपकिरी झाले आहे. 2008 पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, रंग मात्र तसाच आहे. एगेलांतियर्सख्राख्तवरचे ‘त स्मल्ले’ हे अठराव्या शतकात पीटर होप्पे याच्या येनेवर भट्टीतून उभे राहिले. येनेवर म्हणजे जुनिपर या झुडपाची फळे घातलेली धान्याची दारू. ती छोट्या, ट्यूलिपच्या आकाराच्या पेल्यात अगदी काठोकाठ भरतात. इतकी, की पेला उचलला तर सांडणारच. म्हणून पहिला घोट हात न लावता, फळीवर वाकून घ्यायचा असतो. सोबत ‘बिटरबालेन’ मागवतात : मांसाचा घट्ट रस्सा गोठवून, गोळे वळून, पावाचा चुरा लावून तळलेले. बाहेरून कुरकुरीत, आतून जीभ भाजेल इतके गरम. मोहरीच्या चटणीत बुडवून खातात.

पापेनआयलंडपासून जवळच नोर्डरमार्क्ट हा चौक आहे. त्यातले नोर्डरकेर्क हे चर्च 1620 ते 1623 दरम्यान, चारही बाजू सारख्या असलेल्या क्रुसाच्या आकारात बांधले. उपदेश सर्वांना ऐकू जावा हा त्यामागचा हेतू. शनिवारी चौकात सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार भरतो, सोमवारी जुन्या वस्तूंचा. जवळच्या वेस्टरस्ट्रातवर सोमवारीच कापडाचा बाजार असतो. शनिवारची गर्दी मोठी, पण जायचे तर शनिवारीच जावे. चीजच्या फळीवर जरा थांबले की डच चीजचे गणित कळते : महिनाभर मुरलेले ‘योंग’ मऊ आणि दुधाळ, चारेक महिन्यांचे ‘बेलेगन’, आणि वर्षाच्या आसपासचे ‘औड’ कडक, खारट, तोंडात कणीदार लागणारे. जिरे घातलेले चीज मराठी जिभेला लगेच ओळखीचे वाटते. फ्रीसलंडकडच्या चीजमध्ये लवंगही असते. लवंगेसारखे मसाले युरोपात आणणाऱ्या, 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोकणाशीही संबंध होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला आज पडीक अवस्थेत दिसणारी डच वखार तिचीच. पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा आधार होता. योर्डान वसत होते तेही त्याच सतराव्या शतकात.

याच चौकात 24 फेब्रुवारी 1941 रोजी कामगारांची सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी, नाझींनी चालवलेल्या ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध शहरभर संप पुकारला गेला. योर्डानचा बंडखोर स्वभाव त्याआधीही दिसला होता. 25 जुलै 1886 रोजी, रविवारी, लिंडेनख्राख्तवर लोक एक जुना खेळ खेळत होते. कालव्यावर आडवी दोरी बांधायची, तिला जिवंत वाम मासा लटकवायचा आणि खालून होडीतून जाताना तो ओढून काढायचा. वाम बुळबुळीत, होडी डळमळीत. त्यामुळे बहुतेक जण पाण्यात पडत आणि काठावरचे हसत. क्रूर म्हणून या खेळाला बंदी होती. पोलिसांनी दोरी कापली, तशी गर्दी खवळली. दुसऱ्या दिवशी रस्त्यात अडथळे उभे राहिले, सैन्य बोलावले गेले, गोळीबार झाला आणि 26 माणसे मेली. एका माशासाठी एवढे झाले असे म्हणणे सोपे आहे. खरे तर कोंदट खोल्या, बेकारी आणि पोलिसांवरचा जुना राग त्या दोरीशी बांधलेला होता. 1934 मध्ये बेकारांच्या भत्त्यात कपात झाल्यावर पुन्हा दंगल उसळली. लोकांनी रस्त्यातले दगड उपसून फेकले, म्हणून नंतर अनेक रस्त्यांवर डांबर टाकण्यात आले.

वामापेक्षा आता हेरिंग जास्त खाल्ला जातो. हातगाडीसारख्या दुकानात विक्रेता मासा समोरच साफ करतो, कातडे ओढून काढतो, काटा अलगद सोडवतो. ॲमस्टरडॅमात त्याचे तुकडे करून वर बारीक चिरलेला कांदा आणि आंबवलेली काकडी देतात. इतरत्र शेपटीला धरून, मान मागे टाकून अख्खा खाण्याची पद्धत आहे. याला कच्चा मासा म्हणतात ते पुरते बरोबर नाही. आतडी काढताना स्वादुपिंड मुद्दाम ठेवतात, त्यातल्या विकरांमुळे मासा मिठात मुरून मऊ होतो. शिवाय कृमी मरावेत म्हणून तो आधी गोठवणे कायद्याने बंधनकारक आहे. जूनच्या सुमारास येणारा नवा हेरिंग सर्वांत चरबीदार. शाकाहारी माणसाची सोय चीज, बटाट्याचे जाड काप तळून मेयोनेजसोबत मिळणारे ‘पताट’ आणि दालचिनी घातलेला उंच सफरचंदी पाय यांवर होते. वाटाण्याचे घट्ट सूप शाकाहारी समजून मागवू नये, त्यात डुकराचे मांस असते. काळी ‘ड्रॉप’ गोळी मात्र एकदा चाखावीच : ज्येष्ठमधात नवसागर घातलेली. पहिल्या क्षणी बहुतेक परदेशी तोंड वाकडे करतात.

गल्ल्यांमध्ये बंद दारांमागे ‘हॉफये’ दडलेले असतात. मधल्या बागेभोवती छोटी घरे असा हा वाडा, श्रीमंतांनी वा धर्मादाय संस्थांनी वृद्ध, विधवा स्त्रियांसाठी बांधलेला. कार्थाउझर्सस्ट्रातवरचा 1650 चा कार्थाउझरहोफ त्यांतला मोठा. आत आजही लोक राहतात. दार उघडे असेल तर शांतपणे डोकावावे, खिडक्यांतून फोटो काढू नयेत. ब्लूमख्राख्तवर 1642 ची तीन जुळी घरे आहेत. त्यांच्या भिंतीत कोरलेल्या दगडांवर एक शहरी, एक शेतकरी आणि एक खलाशी दिसतो. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा असे दगडच पत्ता सांगत. वर पाहिले की प्रत्येक घराच्या माथ्यावर आकडा लावलेला लाकडी दांडा दिसतो. जिने इतके अरुंद, की कपाट-पलंग आजही दोरीने खिडकीतूनच वर चढवतात.

वेस्टरकेर्क या चर्चचा साधारण 85 मीटर उंच मनोरा वस्तीत बहुतेक ठिकाणांहून दिसतो. त्याच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरात जन्मलेलाच खरा योर्डानकर, असे म्हणतात. गंमत म्हणजे चर्च स्वतः कालव्याच्या दुसऱ्या तीरावर, म्हणजे योर्डानबाहेर आहे. चित्रकार रेम्ब्रांट दिवाळखोरीनंतर रोझेनख्राख्तवर भाड्याने राहिला आणि 1669 मध्ये याच चर्चमध्ये अनाम कबरीत पुरला गेला. शेजारीच ॲन फ्रँकचे घर आहे. त्याची तिकिटे आधीच ऑनलाइन काढावी लागतात.

1900 च्या सुमारास इथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसे दाटीवाटीने राहत, आज जेमतेम वीस हजार. दुसऱ्या महायुद्धानंतर पडकी वस्ती पाडून नवी बांधण्याचा बेत होता. विरोधामुळे तो बारगळला आणि घरे दुरुस्त झाली. मग विद्यार्थी, चित्रकार आणि शेवटी पैसेवाले आले. जुनी कुटुंबे उपनगरांत गेली. त्यांची गाणी गाणाऱ्या जॉनी योर्डान (1924–1989) या गायकाचा पुतळा एलांड्सख्राख्तच्या टोकाला आहे.

चालताना लालसर रंगाच्या पट्ट्यावर पाय ठेवू नये. तो सायकलींचा मार्ग असतो आणि सायकलस्वार घंटी वाजवतो, थांबत नाही.