प्रलयपट

प्रलयपट : पृथ्वीचा किंवा मानवजातीचा अंत हाच कथाविषय असलेला, बहुधा प्रचंड खर्चाचा चित्रपट. जळती इमारत, बुडते जहाज अशा एका ठिकाणच्या संकटावरील आपत्तिपटापासून तो वेगळा धरावा. रोलंड एमेरिख दिग्दर्शित ‘२०१२’ (२००९) हे सर्वपरिचित उदाहरण. येथे या प्रकाराचा विचार मुख्यतः कोल्हापूरच्या अंगाने केला आहे. करवीर क्षेत्राला, म्हणजे कोल्हापूरला, प्रलयाची स्वतःची कथा आहे आणि मराठी चित्रपटाच्या आरंभीच्या काळाशीही या गावाचे नाते आहे.

आरंभाविषयी एकमत नाही. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला, तेव्हाच्या लघुपटांपासून काही अभ्यासक सुरुवात मानतात. १९१६ चा, धूमकेतूच्या आघातावरील डॅनिश चित्रपट हा पहिला पूर्ण प्रलयपट मानणे अधिक योग्य वाटते, कारण त्यात जगाचा अंत हाच कथेचा कणा आहे. १९३३ च्या एका अमेरिकी चित्रपटात न्यूयॉर्क शहराच्या छोट्या प्रतिकृती पाण्याखाली घालून नाश दाखवला होता.

‘२०१२’ मागची तारीख : हा चित्रपट नोव्हेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झाला. सुमारे २० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च त्यावर झाला. कथेचा आधार मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीची दीर्घ कालगणना. तिच्यात १,४४,००० दिवसांचा एक ‘बाक्तून’ असतो. असे तेरा बाक्तून म्हणजे १८,७२,००० दिवस, सुमारे ५,१२५ वर्षे. हे चक्र २१ डिसेंबर २०१२ रोजी पुरे होते असे बहुतेक मानतात. मात्र माया दिनांक आपल्या दिनांकाशी जोडण्याचा स्थिरांक ५,८४,२८३ न धरता ५,८४,२८५ धरला, तर २३ डिसेंबर येतो. पहिला स्थिरांक ग्वातेमालातील डोंगराळ भागात आजवर पाळल्या जाणाऱ्या २६० दिवसांच्या गणनेशी जुळतो, म्हणून तो ग्राह्य धरावा. चक्र संपते म्हणजे जग संपते, असा अर्थ मात्र माया लेखांतून निघत नाही. मेक्सिकोतील तोर्तुगेरो येथील शिलालेखात ही तारीख आहे. पण तिथला मजकूर तुटक असून, त्यात एका देवतेच्या अवतरणाचा उल्लेख असावा असे वाचन आहे.

माया चक्राचा आरंभ इ. स. पू. ३११४ चा, आपल्या कलियुगाचा इ. स. पू. ३१०२ चा. या जवळिकीवरून दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे; त्याला आधार नाही. शिवाय कलियुगाची मर्यादा ४,३२,००० वर्षांची. २०१२ साली त्यातली केवळ ५,११३ वर्षे सरली होती. पंचांग पाहणाऱ्या घरांत ही भीती बाळगण्याचे काहीच कारण नव्हते, हे त्या वेळी अधिक ठासून सांगितले जायला हवे होते.

चित्रपटात सूर्यावरून आलेले न्यूट्रिनो पृथ्वीचा गाभा तापवतात, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात हे कण जवळजवळ कशावरच परिणाम न करता पृथ्वीतून आरपार जातात.

नौका व नौबंधन : चित्रपटाच्या अखेरीस निवडक माणसे तिबेटात बांधलेल्या महाकाय जहाजांत शिरून वाचतात. शतपथ ब्राह्मणात मनूची नाव मासा उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो. महाभारताच्या वनपर्वात ती हिमालयाच्या ज्या शिखराला बांधली, त्याला ‘नौबंधन’ म्हटले आहे. हे साम्य डोळ्यांत भरते, तरी चित्रपटाचा उगम बायबलातील नोहाच्या तारवात शोधणेच सयुक्तिक. पुराणांतला प्रलय नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक व आत्यंतिक असा चार प्रकारचा असून, जीवाच्या मोक्षाचा आत्यंतिक वगळता, त्यानंतर पुन्हा सृष्टी होते. एकदाच येणारा शेवट ही कल्पना तिथली नव्हे.

करवीर व प्रलय : प्रलयकाळी महालक्ष्मीने हे क्षेत्र आपल्या करांनी उचलून धरले, म्हणून ते ‘करवीर’, अशी कथा सांगतात. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. भाषेच्या दृष्टीने ही दुसरी व्युत्पत्ती बळकट, पण गावाच्या मनात पहिलीच रुजली आहे. कोल्हापुरातील रंकाळा तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास भूकंप होऊन तिच्यात पाणी भरले, असेही सांगितले जाते. यातील खाणीचा भाग विश्वसनीय वाटतो. भूकंपाचा काळ मुख्यतः परंपरेवरून आलेला असल्याने तो अंदाजेच घ्यावा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. ग्रीकांचा हा देव समुद्राचा आणि भूकंपाचाही. तिच्याकडे पाहताना हा विषय आठवल्यावाचून राहत नाही.

चित्रतंत्र : बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव हे आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पुढे बाबूरावांनी कॅमेरा घडवला आणि १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. भांडवलाला तानीबाई कागलकरांनी हात दिला. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी येथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. काचेवर शहर किंवा डोंगर रंगवून तो खऱ्या दृश्याशी जोडण्याची युक्ती परदेशी प्रलयपटांत दीर्घकाळ चालली. रंगवलेल्या पडद्याचीच ती पुढची पायरी, म्हणून कोल्हापूरच्या पेंटरांचा या प्रकाराशी कारागिरीचा संबंध लावता येतो. संगणकाने ‘२०१२’मध्ये लॉस अँजेलिस समुद्रात बुडवले, त्यामागे हीच गरज होती : जे उभारता येत नाही ते खरे भासवणे.

प्रदर्शन : ‘जुरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीतून आल्यापासून असे भव्य परदेशी चित्रपट इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकापर्यंत पोहोचू लागले.

कोल्हापूरच्या बोलण्यात ‘प्रलय’ हा शब्द आता पंचगंगेच्या पुराला लागतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले.